खुर्चीच्या आधाराने योग: ठाण्यातल्या नवशिक्यांसाठी पायरी पायरीने

डॉक्टर सांगतात, "योगा सुरू करा." वर्गात जाऊन बघावं तर सगळे मांडी घालून बसलेले, आणि आपल्याला जमिनीवरून उठायला दिवाणाची कड लागते. मग "आपल्याच्यानं नाही व्हायचं" म्हणत माणूस परत फिरतो. तलावपाळीवर, कचराळीच्या ट्रॅकवर, सोसायटीच्या कट्ट्यावर असे परत फिरलेले पुष्कळ जण मला भेटतात.

माझेही गुडघे झिजलेले आहेत. खुर्ची घेऊन योग करायला लागल्यापासून नौपाड्यातल्या आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीचा जिना मी कठड्यावर भार न टाकता चढते. आता सोसायटीतल्या बायकांना घेऊन रोज सकाळी हा सराव चालवते. खुर्ची कुठली घ्यायची, डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, कुठलं आसन टाळायचं, किती वेळ करायचं, हे प्रश्न प्रत्येक नव्या माणसाला पडतात. त्यांची उत्तरं इथे क्रमाने लिहिली आहेत.

## १. फायदा कुठे होतो, ते आधी समजून घ्या

गुडघा दुखायला लागला की आपण तो वापरायचं टाळतो. बसून राहतो, जिने टाळतो, भाजीही घरपोच मागवतो. मांडीचा पुढचा स्नायू न वापरल्यामुळे कमजोर होतो. गुडघ्याला सांभाळणारा मुख्य स्नायू तोच असल्यामुळे सांध्यावरचा ताण वाढतो आणि दुखणं आणखी वाढतं. हे चक्र कुठे तरी थांबवावं लागतं, आणि खुर्ची तिथे उपयोगी पडते. शरीराचा काही भार ती घेते, पडायची भीती जाते आणि स्नायूला न घाबरता काम करता येतं.

दुसरा फायदा आसनात टिकून राहण्याचा. आधाराशिवाय जे आसन कसंबसं पाच सेकंद जमतं, ते खुर्ची धरून अर्धा मिनिट शांतपणे करता येतं. श्वास अडकत नाही, चेहरा आवळत नाही. स्नायू बळकट व्हायला आणि सांधा मोकळा व्हायला हा वेळ मिळणं गरजेचं असतं.

तिसरा फायदा तोल सांभाळण्याचा. उतारवयात पडणं ही मोठी गोष्ट आहे. एकदा खुब्याचं हाड मोडलं की घराचं सगळं वेळापत्रक बदलतं. तोल सरावाने सुधारतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत असं सांगितलं आहे. नुसत्या चालण्याने ही गरज पूर्ण भागत नाही, हे मी ट्रॅकवरच्या सगळ्यांना आवर्जून सांगते.

"खुर्चीवरचा म्हणजे काय, खरा योग थोडाच?" हे तुम्हाला घरातलंच कुणी तरी म्हणेल. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांनी घडीची लोखंडी खुर्ची, दोर, लाकडी ठोकळे, लोड ही साधनं योगाभ्यासात पद्धतशीर आणली. पाठीचा पत्रा काढलेली त्यांची खुर्ची आज जगभरच्या योगवर्गांत दिसते. त्यांचे कसलेले विद्यार्थीसुद्धा खुर्चीवर सराव करतात. तेव्हा मनात कमीपणा न ठेवता बसा.

अभ्यासातूनही याला आधार मिळाला आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठातल्या संशोधकांनी सांध्यांची झीज असलेल्या १३१ ज्येष्ठांची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. एका गटाने आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, ४५ मिनिटं खुर्चीयोग केला. दुसऱ्या गटाला आरोग्यविषयक माहितीचे वर्ग दिले. खुर्चीयोगाच्या गटात दुखण्यामुळे रोजच्या कामांत येणारा अडथळा कमी झाला आणि तो परिणाम पुढे तीन महिने टिकला. चालण्याचा वेग आणि थकवा यांतही वर्ग चालू असेपर्यंत सुधारणा दिसली, पण ती नंतर टिकली नाही. म्हणजे सराव थांबला की फायद्याचा बराचसा भागही थांबतो. हे लक्षात ठेवूनच सुरुवात करा.

काय होत नाही, तेही सांगते. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असणारं गुळगुळीत आवरण, याने परत वाढत नाही. वजन झपाट्याने उतरत नाही. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. ती कमी करायची वेळ आली तर डॉक्टर करतील.

## २. डॉक्टरांकडे जाताना हे कागद न्या

सुरुवातीआधी एकदा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा. एका पिशवीत एवढं ठेवा:

- चालू गोळ्यांची यादी किंवा सरळ गोळ्यांची पाकिटं
- अलीकडच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या नोंदी
- गुडघ्याचा, कमरेचा, मानेचा एक्स-रे किंवा एमआरआय अहवाल
- हाडांच्या घनतेची तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल
- शस्त्रक्रिया झाली असेल तर डिस्चार्ज कार्ड
- डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद, विशेषतः काचबिंदू असेल तर

"योगा करू का?" एवढंच विचारलं तर "करा" एवढंच उत्तर येतं आणि त्याचा फारसा उपयोग होत नाही. नेमके प्रश्न विचारा.

हाडं ठिसूळ असतील तर: पाठ गोल करून पुढे वाकणं आणि जोराने पिळणं टाळायचं का? बहुतेक डॉक्टर हो म्हणतील, कारण पाठीचा मणका पुढच्या बाजूने दबून मोडण्याचा धोका असतो.

काचबिंदू किंवा अनियंत्रित रक्तदाब असेल तर: डोकं हृदयाच्या खाली जाईल असं काही करायचं नाही. डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो. श्वास रोखून धरणंही टाळायचं.

खुब्याचा सांधा बदलला असेल तर: किती वाकायचं, पायावर पाय टाकायचा का, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. शस्त्रक्रिया कुठल्या बाजूने केली त्यावर बंधनं ठरतात. मैत्रिणीला जे चाललं ते तुम्हाला चालेलच असं नाही.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर: व्यायामाआधी काय खायचं ते विचारा, आणि साखर किंवा ग्लुकोजची पुडी हाताशी ठेवा. पायांची संवेदना कमी झाली असेल तर सरावानंतर तळवे रोज बघा.

मान वर केली की गरगरतं, अशी तक्रार असेल तर तीही सांगा.

सकाळी गुडघे आखडतात, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात, हे झिजेच्या दुखण्यात नेहमीचं आहे. आखडलेपण तासाहून जास्त टिकत असेल, सांधे सुजलेले आणि गरम लागत असतील, तर सांधे सुजवणारा आमवात आहे का हे तपासून घ्या. सराव त्यानंतर.

## ३. खुर्ची निवडा

या पायरीवर वेळ द्या. दहापैकी आठ अडचणी खुर्चीच्या असतात असं माझं मत झालं आहे.

हातांशिवायची, चार पायांची, सपाट बैठकीची खुर्ची हवी. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची बहुतेक घरांत असते आणि ती उत्तम चालते. मंडपवाल्यांकडे असते तशी घडीची लोखंडी खुर्चीही चालते, पण तिची घडी पक्की उघडते ना आणि चारही पायांना रबरी बूच आहेत ना, ते बघा. बूच झिजले की पत्रा टाइलवर सरकतो. नवे बूच हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, ते आधी लावा. उघडताना-मिटताना बोटं बिजागरीपासून लांब ठेवा.

या खुर्च्या नकोत: चाकांची ऑफिसची खुर्ची, गोल फिरणारी खुर्ची, सोफा, झुलती खुर्ची, स्टूल. पांढरी प्लास्टिकची खुर्ची ठाण्यातल्या प्रत्येक गच्चीत आणि गॅलरीत असते, तीही नको. पुढच्या कडेवर भार दिला की तिचे पाय फाकतात, आणि वर्षानुवर्षं उन्हात पडून प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. तिचा पाय तुटला तर सावरायलाही वेळ मिळत नाही.

उंची. बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे साधारण काटकोनात हवेत. नेहमीच्या खुर्चीची बैठक १७-१८ इंच उंच असते. पाच फुटांच्या आतबाहेरच्या बायकांचे पाय त्यावर लोंबकळतात आणि मांडीखाली कड रुतते. अशा वेळी पायाखाली जेवणाचा लाकडी पाट घ्या, मात्र तो चटईवर ठेवा, नाही तर सरकेल. उंच माणसांनी किंवा गुडघे फार दुखणाऱ्यांनी बैठकीवर घट्ट घडी केलेली सतरंजी घालावी. बैठक दोन इंच उंच झाली तरी उठणं पुष्कळ सोपं जातं. मऊ उशी घालू नका. त्यात कंबर खचते.

तपासणी. चारही पाय टेकतात का, डुगडुगते का, पुढच्या कडेवर बसल्यावर मागचे पाय उचलले जातात का? यातलं एकही झालं तर ती खुर्ची बाजूला ठेवा.

व्हीलचेअरवर असाल तरी बसून करायचा सगळा भाग तुम्हाला करता येईल. दोन्ही ब्रेक लावा, पायपट्ट्या वर करा आणि तळवे जमिनीवर किंवा पाटावर टेकवा.

बाकीचं सामान थोडंच आहे: खुर्चीखाली घालायची रबरी योगा मॅट, एक पाट, दोन सतरंज्या, पाण्याची बाटली, आणि हाताशी फोन.

## ४. जागा, वेळ आणि कपडे

वन-बीएचकेच्या हॉलमध्ये टीपॉय बाजूला सरकवला की पुरेशी जागा होते. उभं राहून दोन्ही हात बाजूला पसरता आले म्हणजे झालं. खुर्ची भिंतीला टेकवा. हे मी रोज सांगते आणि रोज कुणी तरी हॉलच्या मधोमध खुर्ची मांडतं. उठबस करताना खुर्चीची पाठ भिंतीला. मागे उभं राहून पाठ धरायची असेल तर खुर्ची फिरवा आणि बैठकीची पुढची बाजू भिंतीला लावा.

पाय अनवाणी आणि कोरडे हवेत. अंघोळीहून थेट ओल्या पायांनी येऊ नका, मोजे घालू नका. साडी किंवा लांब गाऊन असेल तर उठताना टाच त्यात अडकते, आणि घडीच्या खुर्चीत निऱ्याही अडकतात. सलवार किंवा ट्रॅक पँट बरी.

जेवणानंतर तीन तास जाऊ द्या. सकाळचा चहा आणि एखादं बिस्किट झालं असेल तर अर्ध्या तासाने चालतं. बिछान्यातून उठल्या उठल्या करू नका. घरात थोडं वावरून, आखडलेपण उतरल्यावर करा. ठाण्याच्या दमट हवेत घाम लवकर येतो आणि मॅट निसरडी होते, म्हणून पंखा मंद चालू ठेवा आणि मॅट मधून मधून पुसा.

## ५. पहिल्या दिवशी एक चाचणी, वहीत नोंद

आपली सुधारणा आपल्याला दिसली नाही की उत्साह मावळतो. म्हणून आधी मोजा.

खुर्ची भिंतीला टेकवून तिच्या मध्यभागी बसा. हात छातीवर एकमेकांवर ठेवा. कुणाला तरी घड्याळ लावायला सांगा आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. हात वापरावे लागले तर आकडा शून्य लिहा, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. ही चाचणी जगभर वापरतात. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने दिलेल्या आकड्यांपेक्षा कमी उठबशा झाल्या तर पडण्याचा धोका जास्त समजतात:

- ६० ते ६४ वर्षं: पुरुष १४, स्त्रिया १२
- ६५ ते ६९: पुरुष १२, स्त्रिया ११
- ७० ते ७४: पुरुष १२, स्त्रिया १०
- ७५ ते ७९: पुरुष ११, स्त्रिया १०
- ८० ते ८४: पुरुष १०, स्त्रिया ९

चाचणी साधारण १७ इंच उंचीच्या खुर्चीवर करायची. दर वेळी तीच खुर्ची घ्या, नाही तर तुलना होणार नाही. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर ही चाचणी सोडून द्या.

## ६. रोजचा सराव

सुरुवातीला पंधरा मिनिटं पुरे. क्रम असाच ठेवा.

बैठक. बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावर या, पाठ टेकू नका. ढुंगणाखालची दोन हाडं बैठकीवर समान टेकलेली जाणवली पाहिजेत. पावलं कमरेइतक्या अंतरावर. डोक्याची टाळू वर, खांदे खाली. अशा स्थितीत सावकाश दहा श्वास. नव्या लोकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण पुढचं प्रत्येक आसन याच बैठकीतून सुरू होतं.

घोटे आणि गुडघे. टाचा टेकवून चवडे उचला, मग चवडे टेकवून टाचा उचला, वीस वेळा. पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात, त्यामुळे संध्याकाळी पाय सुजणाऱ्यांना याने बरं वाटतं. मग एक पाय समोर सरळ करा, चवडा स्वतःकडे ओढा, मांडी आवळून पाच श्वास थांबा. दोन्ही पायांनी पाच-पाच वेळा. मांडीच्या स्नायूसाठी ही सर्वांत सुरक्षित सुरुवात आहे आणि फार दुखरा गुडघाही हे सहन करतो.

खांदे आणि पाठ. बोटं एकमेकांत गुंफून, तळवे छताकडे करून हात वर ताणा. हे बसून केलेलं पर्वतासन. खांदा आखडला असेल तर जातील तिथपर्यंतच हात न्या. मग हात मांड्यांवर ठेवून श्वास घेताना छाती पुढे, सोडताना पाठ हलकी मागे गोल, असं सहा-सात वेळा करा. हाडं ठिसूळ असलेल्यांनी फक्त छाती पुढे न्यायची, पाठ गोल करायची नाही.

भारद्वाजासन. खुर्चीवर आडवं बसा, उजवी मांडी खुर्चीच्या पाठीच्या बाजूला येईल असं. दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरा. श्वास घेताना उंच व्हा, सोडताना उजवीकडे वळा. वळण कमरेपासून वर वर चढत गेलं पाहिजे, मान सगळ्यात शेवटी वळते. हातांनी ओढून जास्त वळायचा मोह आवरा. पाच श्वास, मग फिरून दुसऱ्या बाजूने. दिवसभर मशिनवर किंवा कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांची पाठ याने फार मोकळी होते. मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि ठिसूळ हाडांच्या लोकांनी हे विचारल्याशिवाय करू नये.

उठबस. रोज एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. पावलं थोडी मागे, गुडघ्यांच्या किंचित आत घ्या. धड कमरेतून पुढे झुकवा, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. आता टाचा दाबून उभं राहा, श्वास सोडत. गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर मांड्यांमध्ये छोटी घडी केलेली सतरंजी धरा. बसताना खरी कसोटी असते: धपकन न बसता, मनात तीन मोजत खाली या.

जमत नसेल तर बैठकीवर एक सतरंजी वाढवा आणि हात मांड्यांवर दाबून उठा. पाच उठबशांपासून सुरू करा. दर आठवड्याला एक-दोन वाढवा, मग हातांचा आधार कमी करा, मग सतरंजी काढा. आमच्या वर्गातल्या कोपरीच्या एका काकूंचं ध्येय एवढंच होतं की टीएमटीच्या बसमध्ये कुणी हात न देता चढायचं. त्या नेटाने एवढंच करत राहिल्या आणि आता चढतात. शौचालयातून उठणं, रिक्षातून उतरणं, रेल्वेच्या पुलाचा जिना, या सगळ्याला हीच ताकद लागते.

उभं राहून. खुर्चीच्या मागे उभं राहून तिच्या पाठीवर हात टेकवा. हात खाली दाबायचे, खुर्ची स्वतःकडे ओढायची नाही. आधी ताडासनात, म्हणजे ताठ सरळ उभं राहून, टाचा दहा वेळा उचला. मग एका पायावर भार देऊन दुसऱ्या पायाचा तळवा घोट्याशी टेकवा. वृक्षासनाची ही पहिली पायरी. तळवा थेट गुडघ्यावर कधीही टेकवू नका. तोल यायला लागला की दोन हातांऐवजी एक हात, मग नुसती बोटं.

शेवटी हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून मागे मागे चालत जा, पाठ जमिनीला समांतर होईपर्यंत. डोकं हातांच्या रेषेत ठेवा, खाली सोडू नका. कंबर आणि मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात. पाठ सरळ राहते आणि डोकं हृदयाखाली जात नाही, म्हणून पूर्ण पुढे वाकायला मनाई असलेल्या बऱ्याच जणांना डॉक्टर एवढं करू देतात.

श्वास आणि विश्रांती. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, मध्ये रोखायचा नाही. पाच मिनिटं. मग पाच-सहा वेळा भ्रामरी, म्हणजे तोंड मिटून श्वास सोडताना भुंग्यासारखा गुणगुणता आवाज. जमिनीवर उतरता येत असेल तर पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा आणि डोक्याखाली घडी केलेली चादर घ्या. कमरेचा ताण याने लगेच हलका होतो. उतरता येत नसेल तर खुर्चीत पाठ टेकून, पाय पाटावर ठेवून, डोळे मिटून बसा.

## ७. जमिनीवर उतरणं आणि उठणं शिकून घ्या

हे घरात दुसरं कुणी असतानाच शिका. पडल्यावर दुखापत नसतानाही कित्येक ज्येष्ठ फक्त उठता न आल्यामुळे तासन् तास पडून राहतात. म्हणून मी हे प्रत्येकाला शिकवते.

उतरताना: भिंतीला लावलेल्या खुर्चीसमोर उभे राहा, दोन्ही हात बैठकीवर, एक गुडघा जाड सतरंजीवर टेकवा, मग दुसरा, मग एका कुल्ल्यावर बसा.

उठताना: आधी कुशीवर वळा. हातांनी ढकलून गुडघ्यांवर-हातांवर या. खुर्चीपर्यंत रांगत जा. दोन्ही कोपरं बैठकीवर टेका. ज्या पायात जास्त ताकद आहे त्याचं पाऊल पुढे ठेवा. हात आणि ते पाऊल एकदम दाबून ढुंगण उचला आणि वळून खुर्चीत बसा. लगेच उभे राहू नका, मिनिटभर बसा. रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते.

नवे बसवलेले गुडघे टेकवता येतील की नाही, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

## ८. वर्ग लावायचा असेल तर

सुरुवात कुणाच्या तरी नजरेखाली झालेली चांगली. ठाण्यात योगशिक्षणाची जुनी परंपरा आहे. नौपाड्यातलं घंटाळी मित्र मंडळ कित्येक दशकं हे काम करत आहे. तुमच्या भागातला वर्ग निवडताना फी विचारण्याआधी हे विचारा:

- माझ्या आजारांची माहिती लिहून घेता का?
- प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची असते का? खुर्च्या कुठल्या असतात?
- एका वेळी किती जण असतात?
- एखादं आसन मी केलं नाही तर चालेल का?
- शिक्षकांकडे आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाचं किंवा नावाजलेल्या संस्थेचं प्रमाणपत्र आहे का?
- जागा कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, कमोड आहे का?

चौथ्या प्रश्नाला शिक्षकांनी कपाळाला आठ्या घातल्या तर तिथे जाऊ नका. घोडबंदर रोडला राहात असाल तर लांबच्या नामांकित वर्गापेक्षा सोसायटीच्या क्लब हाउसमधला साधा वर्ग बरा. वाहतुकीत अडकून रोजचं जाणं चार दिवसांत सुटतं.

ऐरोली-महापेकडे ऑफिसला जाणाऱ्यांनी घोटे-गुडघे, खांदे आणि श्वास हा भाग जागेवरच करावा. उठबस आणि वळणं चाकांच्या खुर्चीवर करू नयेत, मीटिंग रूममधली बिनचाकांची खुर्ची घ्यावी. आयुष मंत्रालयाचा पाच मिनिटांचा वाय-ब्रेक हा क्रमही कामाच्या ठिकाणासाठीच आखलेला आहे.

## ९. इथे लोक अडकतात

व्हिडिओ बघत केलं की मान सतत फोनकडे वळलेली राहते. आधी पूर्ण बघा, क्रम कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा, मग फोन बाजूला ठेवून करा.

पहिल्या आठवड्यात बरं वाटलं की उठबशा एकदम दुप्पट केल्या जातात आणि तिसऱ्या दिवशी गुडघा सुजतो. नियम सोपा ठेवा: दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल तर त्या दिवशी निम्मं करा. स्नायू अवघडल्याची जाणीव चालेल. सांध्यात टोचणारी कळ चालणार नाही.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अचानक धाप, बोलताना जीभ जड होणं, पायातली ताकद जाणं, यातलं काही झालं तर सराव जागच्या जागी थांबवा आणि १०८ वर ॲम्ब्युलन्ससाठी फोन करा. एकाच पोटरीला सूज येऊन ती गरम आणि दुखरी झाली तर चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

## १०. आठ आठवड्यांनी

चाचणी पुन्हा घ्या आणि वहीत पहिल्या आकड्याशेजारी लिहा. वाढ दिसली तर सराव अर्ध्या तासापर्यंत न्या आणि उभं राहून करायचा भाग वाढवा. आकडा तिथेच असेल तर उठबस आठवड्यातून किती दिवस झाली ते वहीत बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. नियमित करूनही आकडा खाली आला असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

सुरुवातीला उत्तम महिना मे किंवा जून. पावसाळ्यात तलावपाळीच्या आणि उपवनच्या फेऱ्या बंद पडतात, फुटपाथ शेवाळतात आणि चार महिने बसून घालवल्यावर दिवाळीत गुडघे बोलायला लागतात. पहिली सर यायच्या आत खुर्ची, बूच आणि मॅट तयार असू द्या.